तंजावरची सहल आणि २५ डिसेंबर

यंदा २५ डिसेंबर शुक्रवारी येतोय. शुक्रवार, शनिवार, रविवार अशी सलग तीन दिवसांची सुट्टी. चेन्नईत नोकरीला असलेल्या आम्हा नऊ मराठी माणसांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दसऱ्यापासूनच चर्चा सुरू झाली : कुठे जायचं? पाँडिचेरी सगळ्यांची बघून झालेली. महाबलीपुरम आल्यागेल्या पाहुण्यांना दाखवून पाठ झालेलं. मग कुणीतरी लिहिलं, "तंजावर! आपलं मराठी राज्य!" पाच मिनिटांत ग्रुपवर तलवारी आणि झेंडे नाचायला लागले. एकाने सांबाराची गोष्ट टाकली. तंजावरच्या भोसल्यांच्या मुदपाकखान्यात संभाजीराजांसाठी केलेली आमटी म्हणजे सांबार, ही ती गोष्ट. पुरावा काही नाही, पण सांगायला छान. खाली लगेच दुसऱ्याचा शेरा : "बघा, सांबारसुद्धा आपलंच!"

सहलीचं नियोजन माझ्याकडे आलं, कारण ग्रुपमध्ये तमिळ वाचता येणारी मी एकटी. मी आराखडा टाकला. बृहदीश्वराचं देऊळ, राजवाडा, सरस्वती महाल ग्रंथालय, तिरुवैयारू, वीणा घडवणाऱ्यांची गल्ली, मान डोलावणाऱ्या तंजावरी बाहुल्यांचा बाजार. इथपर्यंत सगळ्यांनी अंगठे दाखवले. पण शुक्रवारच्या दुपारसमोर मी लिहिलं होतं : कीळवेनमणी. तिथे ग्रुप थांबला. एकाने विचारलं, "हे काय आहे? बीच आहे का?" मी दोन ओळींत सांगितलं. त्यावर ज्याला मी मित्र म्हणते त्याचं उत्तर आलं, "अगं, दोन दिवस मजा करायला जातोय. ट्रिपमध्ये जात कशाला आणतेस?"

हा लेख त्या प्रश्नाचं उत्तर आहे. ग्रुपवर ते मावलं नसतं.

आधी माझ्या घराबद्दल सांगते. आमच्याकडे 'सहल' हा शब्द नव्हता. 'जाणं' होतं. ६ डिसेंबरला चैत्यभूमीला जाणं, दसऱ्याला दीक्षाभूमीला जाणं, १ जानेवारीला भीमा कोरेगावला, २० मार्चला महाडला. आरक्षण नाही, हॉटेल नाही. भाकरी-चटणीचं गाठोडं, शिवाजी पार्कावर अंथरलेली चादर आणि परतताना पिशवीत पुस्तकं, एखादी मूर्ती, नवं कॅलेंडर. आई म्हणायची, तिथे पाय ठेवला की वर्षभर पाठ ताठ राहते. मी लहानपणी या देशाचा नकाशा असा शिकले. कुठली जागा बघायची हे ठरवणं म्हणजे कुणाची आठवण जपायची हे ठरवणं, हे मला कुठल्या विद्यापीठाने शिकवलेलं नाही.

म्हणून "जात कशाला आणतेस" या प्रश्नाचं मला नवल वाटतं. तंजावरात जात मी नेत नाही. ती तिथे दगडावर कोरलेली आहे. तुम्ही तिच्यासमोर उभे राहून फोटो काढता.

देवळापासूनच सुरुवात करू. राजराज चोळाने बांधलेलं हे देऊळ १०१० साली पूर्ण झालं. १९८७ पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. दोनशे फुटांहून उंच विमान, समोर एका दगडातला प्रचंड नंदी. पहिल्यांदा बघताना माझाही श्वास अडकला होता, खोटं कशाला बोलू? पण या देवळाच्या भिंती नुसत्या सुंदर नाहीत, त्या बोलक्या आहेत. सगळा हिशेब त्यांच्यावर आहे : कुणी किती सोनं दिलं, दिव्याच्या तुपासाठी किती गाई-मेंढ्या लावून दिल्या, कोणत्या गावातून किती भात यायचं. 'साउथ इंडियन इन्स्क्रिप्शन्स'च्या दुसऱ्या खंडात हे लेख भाषांतरासह शतकभरापूर्वीपासून छापलेले आहेत. कुणालाही वाचता येतात.

त्या हिशेबात देवळासाठी वेगवेगळ्या देवस्थानांतून आणून वसवलेल्या ४०० बायका आहेत. प्रत्येकीचं नाव आहे, ती कुठून आली ते आहे, ती कुठल्या गल्लीत, कितव्या घरात राहायची ते आहे. प्रत्येकीचा वाटा वर्षाला १०० कलम भात. त्यांचं स्थान नंतरच्या काळातल्या देवदासींसारखंच होतं की वेगळं, यावर अभ्यासकांत वाद आहे आणि तो व्हायलाच हवा. पण राजाने माणसं गावोगावहून उचलून देवाच्या सेवेला लावली, ही गोष्ट दगडावर आहे. पुढे त्याच यादीत न्हावी आहेत, परीट आहेत, शिंपी आहेत, कुंभार आहेत. गाईड मात्र सांगतो की देऊळ राजराजाने बांधलं.

याच भिंतीवर, देवळाला दिलेल्या गावांच्या यादीत, कोणती जमीन करातून वगळली तेही लिहिलं आहे. गावठाण, देवळं, तळी, कालवे, स्मशान आणि 'परैचेरी'. चेरी म्हणजे आपल्याकडे महारवाडा, मांगवाडा म्हणतात तशी गावाबाहेरची वस्ती. परैचेरी म्हणजे परैयर जातीची वस्ती. एवढंच नाही, परैयरांच्या वेगळ्या स्मशानाचाही उल्लेख आहे. म्हणजे हजार वर्षांपूर्वी या मुलखात आमच्यासारख्यांचं राहणं वेगळं होतं आणि जळणंही वेगळं होतं. जागतिक वारसा बघायला जाताय ना? मग हाही वारसाच आहे. त्याच दगडावर, त्याच छिन्नीने कोरलेला.

हे बोलणं सोपं नाही. २०१९ मध्ये चित्रपट दिग्दर्शक पा. रंजित यांनी तंजावर जिल्ह्यातल्या एका सभेत राजराज चोळाच्या राजवटीचा अर्थ दलितांच्या बाजूने लावला. दलितांची जमीन गेली ती त्या काळात, असं ते म्हणाले. त्यांच्यावर पोलिसांत गुन्हा दाखल झाला आणि अटकपूर्व जामिनासाठी न्यायालयात जावं लागलं. राजाचं कौतुक करायला पुरावा लागत नाही. राजाला प्रश्न विचारला की कलमं लागतात.

आता 'आपल्या मराठी राज्याकडे' येते. शिवाजी महाराजांचे सावत्रभाऊ व्यंकोजी यांनी १६७० च्या दशकात तंजावर घेतलं. १८५५ मध्ये वारस नाही म्हणून कंपनीने ते खालसा केलं. म्हणजे जवळजवळ १८० वर्षं. याच देवळाच्या आवारात १८०३ मध्ये दुसऱ्या सरफोजींच्या काळात भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरला गेला. मराठी पर्यटक तो लेख शोधत येतात, अक्षरांवरून बोट फिरवतात, डोळ्यांत पाणी आणतात. मला त्यांची टिंगल करायची नाही. इतक्या लांब, परक्या मुलखात आपली भाषा दगडावर दिसली की आत काहीतरी हलतंच. माझंही हललं होतं.

सरफोजींचं श्रेयही मी नाकारत नाही. त्यांनी ग्रंथालय वाढवलं, दवाखाना चालवला, छापखाना काढला. इसापच्या गोष्टींचं मराठी भाषांतर तंजावरात छापलं गेलं तेव्हा पुण्यात अजून पेशवाई होती आणि शूद्रातिशूद्राच्या हातात छापील पुस्तक पडणं हे स्वप्नातही नव्हतं. राजा शिकलेला होता, जिज्ञासू होता. हे सगळं खरं.

पण मग दुसऱ्या बाजूचा हिशेब कुणी मांडायचा? देवळाचे वंशपरंपरागत विश्वस्त भोसले घराण्यातले. मद्रास प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदा झाला तेव्हा, म्हणजे १९३९ मध्ये, या घराण्याने हे देऊळ दलितांसाठी खुलं केलं. त्याबद्दल त्यांना धन्यवाद द्यायला हवेत, कारण तेव्हा अनेक विश्वस्त कोर्टात धावत होते. तरी वर्षं मोजा. देऊळ पूर्ण झाल्यापासून ९२९ वर्षं. राज्य हातात होतं त्या १८० वर्षांत दार उघडलं नाही. राज्य गेलं, घराणं नुसतं विश्वस्त उरलं, तेव्हा उघडलं. ज्याला 'आपलं राज्य' म्हणायचं असेल त्याने हा आकडाही 'आपला' म्हणून घ्यावा. वारसा वाटून घेताना जमीन घेतली आणि कर्ज भावाच्या अंगावर टाकलं, असं गावात चालत नाही. इतिहासात का चालावं?

जोतीराव फुल्यांनी १८६९ मध्ये शिवाजी राजांवर पोवाडा लिहिला, तो शेतकऱ्यांचा राजा म्हणून. राजाला आपलं म्हणायची ती आमची रीत आहे : नांगर धरणाऱ्याच्या बाजूने. ग्रुपवरच्या तलवारींत नांगर एकही नव्हता.

ग्रंथालयाची गोष्टही अशीच. याच मराठी दरबाराच्या आश्रयाने त्र्यंबकयज्वा नावाच्या पंडिताने 'स्त्रीधर्मपद्धती' लिहिली. बाईने पहाटे उठण्यापासून नवऱ्यामागे सती जाण्यापर्यंत कसं वागावं, याचे शास्त्राधारित नियम. आणि याच तंजावरात, प्रतापसिंह राजाच्या दरबारात, मुद्दुपळनी नावाची गणिका तेलुगूत 'राधिकासांत्वनम्' लिहीत होती. बाईच्या इच्छेबद्दल, बाईच्या तोंडून. दीडशे वर्षांनी, १९१० मध्ये, बंगलोर नागरत्नम्मा या देवदासी कुळातल्या गायिकेने ते पुन्हा छापलं. प्रतिष्ठित गृहस्थांनी अश्लीलतेची ओरड केली आणि सरकारने बंदी घातली. बाईला जाळायचे नियम सांगणाऱ्या पोथीवर कुणी बंदी घातल्याचं मी ऐकलेलं नाही.

तिरुवैयारू तंजावरपासून तेरा-चौदा किलोमीटरवर. त्यागराजांची समाधी तिथे. दर जानेवारीत तिथे देशभरातून गायक येतात. त्या समाधीवर मंदिर उभारायला आपले पैसे, दागिने घातले ते याच नागरत्नम्मांनी. आणि तिथे बायकांना गायला परवानगी नव्हती म्हणून स्वतःची वेगळी मंडळी काढून झगडा दिला तोही त्यांनीच. भरतनाट्यमची आजची मांडणी घडवणारे चार भाऊ, चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू, सरफोजींच्या दरबारातले. नट्टुवनार कुळातले. आज तो नाच चेन्नईच्या सभागृहांत कोण करतं, शिकवण्याचे पैसे कोण घेतं, आणि ज्या घरांत तो जन्मला त्यांची आडनावं कुठे गेली, हे तिकीट काढताना विचारून बघा.

आता मुक्कामाचं. एका अग्रहारातल्या जुन्या वाड्यात राहायची सोय आहे असं कळलं. चौसोपी घर, पितळी भांडी, केळीच्या पानावर जेवण. मी फोन केला. पलीकडच्या बाईंनी गोड आवाजात आधी नाव विचारलं, मग पूर्ण नाव विचारलं, मग "तुम्ही सगळे शाकाहारीच ना?" असं विचारलं. फोन ठेवल्यावर मी विचार करत बसले की नेमकं चुकीचं काय घडलं. काहीच नाही. कुणी शिवी दिली नाही, कुणी नाही म्हटलं नाही. फक्त मी चाळणीतून गेले.

आन्द्रे बेते या समाजशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात तंजावर जिल्ह्यातल्या एका गावाचा अभ्यास केला. १९६५ मध्ये आलेलं ते पुस्तक आजही अभ्यासक्रमात असतं. ते अग्रहारातल्या घरात राहिले. आणि म्हणून दलित वस्तीत त्यांना मोकळेपणी जाता-येता आलं नाही. हे त्यांनी स्वतःच नोंदवून ठेवलं आहे. जातीचा अभ्यास करायला आलेल्या माणसालाही गावाने ठरवून दिलेल्या बाजूनेच गाव बघावं लागलं. मग तीन दिवसांच्या पर्यटकाचं काय? तुम्ही कुठे झोपता यावर तुम्हाला काय दिसतं हे ठरतं. 'हेरिटेज स्टे' या शब्दांत चेरी कधीच येत नाही.

आणि आता शुक्रवारची दुपार.

तंजावरहून तिरुवारूरमार्गे नागपट्टिणमकडे निघालं की दोन्ही बाजूंना भाताची खाचरं सुरू होतात. कावेरीचा हा त्रिभुज प्रदेश म्हणजे तमिळनाडूचं कोठार. इथल्या जमीनदाराला मिरासदार म्हणत. हा शब्द आपल्याला ओळखीचा आहे. मिरासदाराच्या शेतात राबणारा दलित मजूर म्हणजे पन्नैयाळ. चुकला तर चाबकाचे फटके आणि शेण कालवलेलं पाणी पाजणं, ही शिक्षा या जिल्ह्यात जिवंत माणसांच्या आठवणीत होती. लाल बावट्याखाली मजूर संघटित झाले तेव्हा ती थांबत गेली.

कीळवेनमणी तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातलं, आता नागपट्टिणम जिल्ह्यातलं गाव. मजुरांची मागणी कापणीच्या मजुरीत थोडं जास्त भात मिळावं, एवढीच होती. जमीनदारांनी आपली संघटना काढली आणि लाल झेंडा खाली उतरवा म्हणून दबाव आणला. मजूर ऐकेनात. २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री जमीनदारांची टोळी वस्तीवर चालून आली. ज्यांना पळता आलं ते पळाले. ज्यांना पळता येत नव्हतं, म्हणजे बायका, लेकरं, म्हातारी माणसं, ती रामय्या नावाच्या मजुराच्या झोपडीत लपली. झोपडीला आग लावली गेली. ४४ माणसं जळून मेली.

खालच्या कोर्टाने जमीनदारांना शिक्षा दिली. मद्रास उच्च न्यायालयाने त्यांना सोडून दिलं. मोटारी बाळगणारी, मोठ्या जमिनींचे मालक असलेली ही श्रीमंत माणसं स्वतः चालत जाऊन झोपड्या पेटवतील हे पटत नाही, असं कारण निकालात आहे. ज्यांना खैरलांजी आठवते त्यांना वेगळं समजावून सांगायची गरज नाही. २००६ मध्ये भोतमांगे कुटुंबातली चार माणसं मारली गेली आणि न्यायालयांना त्यात जात दिसली नाही. तिथे श्रीमंती आड आली, इथे आणखी काही आड आलं. सुटली ती जातच.

मी स्पष्ट लिहिते : कीळवेनमणीला भोसले जबाबदार आहेत असं माझं म्हणणं नाही. त्यांचं राज्य त्याआधी शंभरावर वर्षं संपलं होतं. माझं म्हणणं एवढंच आहे की भिंतीवरची परैचेरी आणि १९६८ ची झोपडी यांच्यामध्ये एक सरळ रस्ता आहे. त्या रस्त्यावर चोळ आहेत, नायक आहेत, मराठे आहेत, इंग्रज आहेत आणि आपलं स्वतंत्र सरकारही आहे. कुणीही चेरी गावात आणली नाही. 'आपलं राज्य' म्हणणाऱ्याने त्या रस्त्यावरचा आपला टप्पा ओळखावा.

आणि तारीख बघा. २५ डिसेंबर १९२७ ला महाडमध्ये बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृती जाळली गेली. आपण पोथी जाळली, माणूस जाळला नाही. ४१ वर्षांनी त्याच तारखेला त्यांनी माणसं जाळली. दोन्ही आगींमधला हा फरक ज्याला कळतो त्याला या देशाचा निम्मा इतिहास कळला. महाडला दरवर्षी जाणारी माझी माणसं कीळवेनमणीचं नावही ऐकून नाहीत. तिथे दर २५ डिसेंबरला स्मारकापाशी जमणाऱ्यांनाही महाड किती ठाऊक असेल? ही दरी भाषेची आहे. ती भरून काढायला आपण जायला हवं. तिकडच्यांनीही महाडला यायला हवं.

"पण मग मजा कुठे?" असा प्रश्न येईलच. मजा आहे की. सकाळी फिल्टर कॉफी आहे, तुपातला पोंगल आहे, फणसाच्या लाकडातून वीणा कोरणारे हात बघण्यात एक तास कसा जातो कळत नाही. मुलांसाठी बाहुल्या घ्यायच्या आहेत. संध्याकाळी देवळाचा दगड उन्हात तांबूस होतो तेव्हा नंदीपाशी गप्पा मारत बसायचं आहे. रडण्यासाठी सुट्टी काढा असं मी कुणाला सांगत नाही. त्या भागात रडण्यापलीकडचंही आहे. कीळवेनमणीनंतर कृष्णम्माळ आणि जगन्नाथन हे सर्वोदयी जोडपं तिथेच काम करायला गेलं. कृष्णम्माळ स्वतः दलित घरात जन्मलेल्या. १९८१ मध्ये त्यांनी संस्था काढली आणि भूमिहीन दलित बायकांच्या नावावर जमीन करून दिली. ज्या खाचरांत फटके खाल्ले त्यातल्या काही खाचरांच्या सातबाऱ्यावर, आपल्या भाषेत सांगायचं तर, आता त्या बायकांची नावं आहेत. यापेक्षा बघण्यासारखं त्या जिल्ह्यात दुसरं काय आहे?

तर नियोजन असं. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्यामुळे उशीर नको. गुरुवारी रात्री एग्मोरहून उळवन एक्स्प्रेस. उळवन म्हणजे शेतकरी, आणि ती सकाळी तंजावरला पोचवते. शुक्रवारी सकाळी देऊळ, दोन्ही लेख : १८०३ चा मराठी आणि परैचेरीचा तमिळ. मी दोन्ही वाचून दाखवेन. दुपारी गाडी करून कीळवेनमणी. शनिवारी राजवाडा, ग्रंथालय, वीणेची गल्ली, बाजार. रविवारी सकाळी तिरुवैयारू, मग परत. मुक्काम साध्या लॉजवर, जिथे आधार कार्ड मागतात पण आडनावावर रेंगाळत नाहीत. जेवायला मी जिथे नेईन तिथे मटणाचं कोळंबूही मिळेल.

नऊपैकी चौघांनी हो म्हटलं आहे. दोघांनी "बघू" लिहिलं. ज्याने "जात कशाला" विचारलं होतं त्याने अजून काही लिहिलेलं नाही, पण ग्रुप सोडलेलाही नाही. त्याची जागा मी धरून ठेवली आहे. तो आला तर दोन्ही लेखांसमोर त्याचे फोटो मीच काढेन.

जय भीम.